वारशाने आलेली बंद स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणताना : सोलापुरातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यानंतर तिच्या मागे राहिलेली जुनी गाडी शेतजमिनीसारखी किंवा दागिन्यांसारखी वाटून घेता येत नाही. ती कोणीतरी एकाने पत्करावी लागते. पत्करणाऱ्याला बहुधा गाड्यांचे काम येत नसते, कागदपत्रे अर्धवट सापडलेली असतात आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, तो म्हणजे नवी बॅटरी लावून सुरू करून पाहण्याचा. हा लेख त्या सल्ल्यापासून तुम्हाला आणि तुमच्या गाडीला वाचवण्यासाठी लिहिला आहे. इंजिन सुरू करणे हे या कामातले पहिले पाऊल नाही, आणि जे काही कायमचे बिघडते ते बहुतेक वेळा या घाईतच बिघडते.

आमच्याकडे आलेली गाडी १९६६ च्या घडणीची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची इंग्लिश स्पोर्ट्स कार, आहे. डॉक्टर काका इंग्लंडमधील शिक्षण संपवून परतले तेव्हा त्यांनी ती बोटीने सोबत आणली होती. नव्वदच्या दशकात त्यांनी गाडी चालवणे सोडले आणि तेव्हापासून ती रेल्वे लाइन्स भागातील घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. खाली दिलेली मापे या गाडीची आहेत. तुमची गाडी ट्रायम्फ किंवा फियाट असली तर मापे तिच्या मूळ पुस्तिकेतून घ्यावीत, मात्र कामाचा क्रम हाच ठेवावा.

१. गाडी हलवू नका, आधी नोंद करा

गाडी जिथे आणि जशी उभी आहे तशीच तिची छायाचित्रे घ्या. बॉनेटखालची प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप आणि प्रत्येक क्लिप दिसेल इतक्या जवळून ती घ्यावीत, कारण पुढे सहा महिन्यांनी कोणती वायर कुठे होती हे केवळ ही छायाचित्रेच सांगतात. डिकीतील, सीटखालील आणि शेडच्या फळ्यांवरील कोणतीही वस्तू टाकून देऊ नका. गंजलेला जॅक, फाटलेले हूड (कापडी छत) आणि तुटलेले दिव्याचे भिंगसुद्धा नवा भाग मागवताना नमुना म्हणून उपयोगी पडते.

त्यानंतर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक शोधा. एमजीबीमध्ये चेसिस क्रमांकाची पट्टी बॉनेटखाली आतल्या बाजूच्या पत्र्यावर, तर इंजिन क्रमांकाची पट्टी ब्लॉकच्या उजव्या अंगाला असते. मेस्त्रीने तारेच्या ब्रशने ती घासू नये यावर लक्ष ठेवा. रॉकेलमध्ये भिजवलेल्या कापडाने ती हलकेच पुसून, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा. एमजी गाडीच्या उत्पादनाची मूळ नोंद, म्हणजे रंग, तारीख आणि मूळ इंजिन क्रमांक, इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून शुल्क भरून प्रमाणपत्राच्या रूपात मिळते. परिवहन कार्यालयात गाडीचे मूळ रूप सिद्ध करताना या कागदाला वजन असते.

२. कागदपत्रे : हत्यारे हातात घेण्याआधीचे काम

या टप्प्याला जितका वेळ लागेल तितका द्या. सुटे भाग पुढेही मिळतील, पण मृत व्यक्तीच्या नावावर राहिलेली गाडी जितकी वर्षे तशीच राहते तितके वारस वाढत जातात आणि सह्या गोळा करणे अवघड होते.

पुढील कागद एका फाइलमध्ये एकत्र करा :

- मूळ नोंदणी पुस्तक. ते हरवले असल्यास पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि दुय्यम प्रतीसाठी नमुना २६
- मालकाच्या मृत्यूचा दाखला
- वारस असल्याचा पुरावा, आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र
- आयात गाडी असल्यास कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळचा कागद)
- जुन्या विम्याच्या आणि कर भरल्याच्या पावत्या
- चेसिस क्रमांकाचा ठसा, गाडीची छायाचित्रे, तुमचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा

मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. बहुतेक घरांत ही मुदत केव्हाच उलटलेली असते. त्यामुळे हस्तांतर अशक्य होत नाही. विलंबाचे शुल्क भरावे लागते आणि खुलासा द्यावा लागतो, एवढेच.

सोलापूरच्या गाड्यांना ‘एमएच १३’ हा क्रमांक १९८९ नंतरच्या पद्धतीत मिळाला. त्याआधीची गाडी असेल तर तिची नोंद कार्यालयातील जाड रजिस्टरमध्ये असते आणि संगणकावर दिसतच नाही. अशा वेळी ‘गाडी सापडत नाही’ या उत्तरावर परत फिरू नका. जुन्या नोंदीची ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत बॅकलॉग एंट्री (रजिस्टरमधील जुनी नोंद संगणकावर चढवणे) करून घेण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ही एंट्री झाल्याशिवाय हस्तांतर, नूतनीकरण आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट यांतील काहीच पुढे सरकत नाही.

यानंतर एक निर्णय घ्यावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर नमुना २५ भरून दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आयात केलेल्या चारचाकीचे नूतनीकरण शुल्क देशी गाडीच्या कितीतरी पट आहे. दुसरा मार्ग २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या व्हिंटेज नोंदणीचा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अर्ज नमुना २० मध्ये करायचा असतो आणि प्रमाणपत्र नमुना २३-अ मध्ये मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, वैधता १० वर्षे आणि पुढील नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये असे ठरवण्यात आले. भारतात आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, आणि माझ्या मते भावनेच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा लाभ आहे. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्यांना रविवारी सकाळी अक्कलकोटला जाऊन यायचे आहे त्यांनी पहिला मार्ग घ्यावा.

येथे एक सापळा आहे. व्हिंटेज नोंदणीत गाडीच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. ‘हे इंजिन काढून डिझेल बसवू, अॅव्हरेज चांगले मिळेल’ असे कोणी सुचवले तर तिथेच नकार द्या.

३. माणूस आणि हत्यारे

गाडी इंग्लिश असल्यामुळे तिचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे पाने सतत लागतात. मिलिमीटरचे पाने जवळपास बसतात आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतात, म्हणून इंची रिंग पाने व गोटी पाने स्वतःचे घ्या आणि मेस्त्रीच्या हातात तेच द्या. शिवाय फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पात्यांचा संच), चार भक्कम घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), मल्टिमीटर, ग्रीस गन आणि अग्निशामक हवा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका. पुसण्यासाठी पूर्व भागातील यंत्रमागांचा वेस्ट धागा किलोवर मिळतो आणि त्याहून चांगले काही नाही, पण इंधनाच्या व ब्रेकच्या भागांना त्याचे तंतू चिकटतात. तिथे धुतलेले सुती कापडच वापरावे.

मेस्त्री निवडताना ज्यांनी अॅम्बेसेडरवर काम केले आहे अशा वयस्कर माणसाचा शोध घ्या. अॅम्बेसेडरचे १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचे १७९८ सीसी इंजिन ही दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजची आहेत. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेची फट) लावण्याची, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) बसवण्याची, चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) उतरवण्याची पद्धत त्या माणसाच्या हाताला माहीत असते. घराणे एक असले तरी सगळे भाग एकमेकांना बसत नाहीत, हे मात्र त्यांना आधीच सांगा.

४. पत्रा तपासा

सोलापूरची कोरडी हवा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. किनारपट्टीवरची गाडी गंजून जाते त्या काळात येथील गाडीचा पत्रा पुष्कळ टिकतो. येथे खरा शत्रू उन्हाळा आहे, कारण ४० अंशांपुढच्या उष्णतेत पत्र्याच्या शेडमधील प्रत्येक रबर भाग तडकतो. दुसरा शत्रू उंदीर.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही, तिचा बांधीव पत्राच सगळा भार पेलतो. दरवाजाखालचे दोन्ही लांब पत्रे, म्हणजे सिल, कुजले असतील तर गाडी मधून वाकते. दरवाजा आणि बॉडी यांच्यातील फट मोजा, गाडी जॅकवर घ्या आणि पुन्हा मोजा. फट स्पष्टपणे बदलली तर बाकी सगळे काम थांबवून आधी पत्र्याचे काम करावे लागेल. सीटमागच्या बॅटरीच्या पेट्याही अॅसिडने खाल्लेल्या असतात, त्या जरूर पाहा.

५. इंधन : जुने सगळे बाहेर

वर्षानुवर्षे टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा चिकट थर होतो. त्यावर नवे पेट्रोल ओतले की तो सुटून पंपात आणि कार्ब्युरेटरमध्ये जातो, म्हणून टाकी पूर्ण उतरवा, धुवा आणि आतून गंज पाहा. काढलेले पेट्रोल गटारात सोडू नका.

मागच्या बाजूचा एसयू कंपनीचा पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप बहुधा बंदच सापडतो. त्याचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडलेले असतात, ते स्वच्छ केल्यावर बरेच पंप पुन्हा टकटक करू लागतात. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर उघडताना पुढचा आणि मागचा यांचे पिस्टन, झाकण आणि सुई यांची अदलाबदल होऊ देऊ नका. प्रत्येक पिस्टन आपापल्या झाकणातच नीट सरकतो. जोडून झाल्यावर पिस्टन बोटाने उचलून सोडला की ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येऊन तो खाली बसला पाहिजे.

आता आजच्या पेट्रोलविषयी. ऊस आणि साखर कारखाने यांच्या या जिल्ह्यात इथेनॉल हा शब्द नवा नाही, पण १९६६ च्या गाडीला ते पूर्णपणे नवे आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुने रबर पाइप मऊ करते, कॉर्कच्या वायसर खराब करते आणि हवेतील ओलावा ओढून टाकी गंजवते. त्यामुळे इंधनाचा प्रत्येक रबर पाइप इथेनॉल सहन करणाऱ्या प्रकारचाच घ्या, आणि दुकानदाराने ‘सगळे सारखेच’ म्हटले तरी पाइपवरचा छापील दर्जा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. शिवाय भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि त्याआधी उभ्या राहिलेल्या गाडीने बिनशिशाचे पेट्रोल जवळपास पाहिलेलेच नसते. त्यावर लांब पल्ल्याने चालवल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. हेड उतरवण्याची वेळ आलीच तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात.

६. इंजिन हाताने फिरवा

चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा आणि काही दिवस थांबा. थांबणे हाच येथे उपाय आहे. त्यानंतर क्रँक पुलीच्या नटाला मोठा गोटी पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. फिरले नाही तर पुन्हा तेल सोडून पुन्हा थांबा. गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची आणि गिअर टाकायचा हा प्रकार कदापि करू नका, कारण चिकटलेल्या रिंगा तुटतात आणि अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकतात.

इंजिन मोकळे झाल्यावर वरचे टॅपेट कव्हर उघडा आणि फिरवत असताना आठही व्हॉल्व्ह खालीवर होतात का ते पाहा. टॅपेटची फट ०.०१५ इंच ठेवा. जुने ऑइल सोडा, शक्य असेल तर चेंबर उतरवून तळाचा गाळ काढा आणि २०डब्ल्यू-५० ऑइल भरा. फिल्टरसह साधारण सव्वाचार लिटर लागते. फिल्टरच्या डब्याची जुनी रबर रिंग खाचेत चिकटून राहते आणि तिच्यावरच नवी बसवली जाते. मग इंजिन सुरू होताच सगळे ऑइल जमिनीवर येते. सुईने टोकरून जुनी रिंग निघाल्याची खात्री करा.

७. वायरिंग आणि पॉझिटिव्ह अर्थ

हा मुद्दा मेस्त्रीला तोंडी सांगा आणि बॉनेटखाली लिहूनही चिकटवा : १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली असते. आजच्या प्रत्येक गाडीत उणे बाजू बॉडीला असते, त्यामुळे सवयीने उलटी जोडणी होते आणि जुना रेडिओ जळतो, डायनामोची दिशा बिघडते. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून सुरू करण्याचा आग्रह धरला जातो तेव्हा हा धोका सर्वांत जास्त असतो.

मूळ गाडीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या होत्या. त्या आकाराच्या बॅटऱ्या मिळवण्यात वेळ घालवण्यापेक्षा एका पेटीत बसणारी १२ व्होल्टची लहान बॅटरी घ्यावी आणि जवळच मुख्य स्विच बसवावा. बॅटरी जोडण्याआधी संपूर्ण वायरिंग हाताने चाचपून पाहा. उंदराने कुरतडलेली एक उघडी तार शेडसकट गाडी जाळू शकते. मूळ गाडीत फ्यूज अगदी मोजके आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट ०.०१५ इंचावर लावा, कंडेन्सर नवा घ्या आणि फायरिंग क्रम १-३-४-२ असल्याची खात्री करा.

८. पाणी

बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आपल्याकडच्या जड पाण्याने बादलीवर जो पांढरा थर बसतो तोच ब्लॉकच्या आत बसतो आणि मे महिन्यात इंजिन तापते. रेडिएटर उतरवून धुवा, ब्लॉकचा निचरा नळ उघडून आतला गाळ काढा, सर्व पाइप आणि थर्मोस्टॅट बदला आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट मिसळून भरा.

९. पहिल्यांदा सुरू करताना

गाडी शेडबाहेर मोकळ्यावर असावी. अग्निशामक हातात धरून एक माणूस उभा असावा. प्लग न लावता स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवा आणि ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत पुढे जाऊ नका. काटा उठला की प्लग लावा, चोक ओढा आणि सुरू करा. गरम इंजिनाचे प्रेशर चालत्या गाडीत दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ पौंड असावे. पहिल्या सुरुवातीला इंजिनाकडे पाहत राहण्याचा मोह होतो. तुम्ही मात्र गाडीखाली पाहा, कारण पेट्रोलची गळती तिथे आधी दिसते.

१०. चाक फिरण्याआधी ब्रेक

या गाडीत ब्रेकचे एकच सर्किट आहे. एक होस फुटला तर पायाखालचे चारही चाकांचे ब्रेक जातात आणि फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून येथे ‘चालतंय तोवर चालू दे’ असा विचार करायचा नाही. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर आणि पुढच्या कॅलिपरचे पिस्टन उघडून नवे किट टाका, तिन्ही रबर होस बदला, गंजलेल्या धातूच्या नळ्या बदला आणि बंद बाटलीतील डॉट ४ फ्लुइड भरा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ड्रममधील धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या कापडाने पुसून काढा.

क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. क्लचचे हायड्रॉलिक नीट केल्यावर पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून काही दिवस ठेवले तर ती बहुतेकदा सुटते. पुढच्या किंगपिनच्या (ज्या पिनेवर पुढचे चाक वळते तिच्या) प्रत्येक ग्रीस निपलमधून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा.

टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी सगळे बदला, ट्यूबसकट. स्पोकच्या चाकांचे मधले नट तांब्याच्या हातोड्यानेच ठोकावेत. कोणत्या दिशेला सुटतात हे नटावरच लिहिलेले असते.

११. सुटे भाग

एमजीबी हा या बाबतीत भाग्याचा वारसा आहे. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात मोठ्या संख्येने बनली आणि तिचे जवळपास सगळे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे मिळतात, १९८८ पासून तर संपूर्ण नवी बॉडीसुद्धा मिळू लागली. मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळून रक्कम बरीच वाढते, म्हणून लहानलहान मागण्या करू नका. चौथ्या ते दहाव्या टप्प्यापर्यंत सगळे उघडून पाहून एकच यादी करा. बुश, पिन आणि स्पेसर यांच्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागाचे भाग बनवणारे लेथवाले नमुना दिला तर हे काम उत्तम करतात.

१२. रस्त्यावर

विमा, पीयूसी आणि वैध नोंदणी हातात आल्याशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. विमा घेताना सर्वेक्षकाकडून मूल्यांकन करून घ्या, नाहीतर घसारा धरून कंपनी तिची किंमत नगण्य लावते. या काळातील पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि कार्ब्युरेटर नीट लावलेले असतील तर ती पाळता येते. पहिली फेरी पहाटे, रहदारी नसताना आणि मागे दुसरी गाडी ठेवून करा. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग तापमानाचा काटा या क्रमाने लक्ष ठेवा. परत आल्यावर चाकांचे मध्यभाग हाताने तपासा, एखादे इतरांपेक्षा गरम लागले तर तिथला ब्रेक अडकतो आहे.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, टॅपेट पुन्हा तपासा आणि सर्व नट पुन्हा आवळा. नोंदणी, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती एका कागदावर लिहून तो फाइलच्या पहिल्या पानावर लावा, आणि फाइल कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.